तारळीकाठची मालकांगोणी

आमच्याकडे प्रवासाला निघालेल्या माणसाला ज्याने त्याने काहीतरी आणायला सांगायची रीत आहे. मी साताऱ्याकडे निघालो तेव्हा बायकोने कंदी पेढे सांगितले, शेजारच्यांनी सांगलीची हळद सांगितली आणि प्रयोगशाळेने सांगितले मालकांगोणीचे बी, सावलीत वाळवलेले, दोन किलो. ब्राह्मी आणि शंखपुष्पीही आणायची होती, पण त्यांचे काही अडले नाही. अडले ते या दोन किलो बियांचे. म्हणून हे प्रवासवर्णन मुख्यतः त्यांचे आहे. वाटेत जे पाहिले, खाल्ले आणि ऐकले तेही त्यांच्याच निमित्ताने.

कामाबद्दल थोडे सांगतो, म्हणजे पुढचे कळेल. मी पुण्याच्या एका औषधसंशोधन प्रयोगशाळेत नोकरीला आहे. शास्त्रज्ञ नव्हे, वजनेमापे माझ्याकडे असतात. बाहेरून आलेला पाला, मुळी, साल आधी माझ्या काट्यावर येते आणि मग आत जाते. म्हातारपणी काही माणसांची स्मृती जाते. चष्मा कुठे ठेवला इतकेच विसरतात असे नाही. मुलाचे नाव, घराची वाट, आपण जेवलो की नाही, हे सगळेच जाते. आपण त्याला म्हातारचळ म्हणतो, 'साठी बुद्धी नाठी' म्हणतो आणि सोडून देतो. डॉक्टरांमध्ये मात्र हल्ली असे बोलले जाते की हा वयाचा दोष नसून मेंदूचा रोग आहे. पन्नाशीतल्या माणसांना क्वचित होणारा, अल्झायमर या जर्मन डॉक्टरच्या नावाने ओळखला जाणारा जो रोग, तोच हा असावा. त्यावर औषध नाही. आपल्या वैद्यकात बुद्धीला हितकारक म्हणून सांगितलेल्या वनस्पतींत काही सापडते का, याची छाननी आमच्याकडे चालू आहे. अर्क काढायचा, तो उंदरांना द्यायचा आणि शिकवलेली वाट ते किती ध्यानात ठेवतात ते मोजायचे.

बरोबर आमच्या वनस्पतिशास्त्राच्या डॉ. कुमुद दाते होत्या. वयाने माझ्याहून बऱ्याच लहान, पण डोंगर चढायला लागल्या की मला मागून 'थांबा' म्हणून हाक मारावी लागे. बाजारातून एक काडीही विकत घ्यायची नाही, हा त्यांचा नियम. "बाजारातल्या पुडीला आईबाप नसतात, देवकर," असे त्या म्हणत. वेल कुठला, कुठल्या जमिनीतला, कधी तोडला हे माहीत नसेल तर उंदीर कितीही हुशार झाला तरी उपयोग नाही, कारण पुढच्या वर्षी परत जायचे कुठे?

उंब्रजच्या पश्चिमेला

साताऱ्याहून एस.टी.ने उंब्रजला उतरलो. मोठे हमरस्त्यावरचे गाव. दोन्ही बाजूंना उसाच्या गाड्या, हॉटेलांतून मिसळीचा वास, आणि चहा इतका गोड की चमचा उभा राहावा. इथून तारळी नदीच्या अंगाने पश्चिमेला गेले की डोंगर जवळ येऊ लागतात. खाली ऊस, मध्यभागी भात कापून मोकळी झालेली खाचरे आणि वर रान. मार्गशीर्ष लागला होता. सकाळी धुके नदीवर इतके नेमके पसरलेले असे की पाणी कुठून कुठे जाते ते वरून धुक्यावरूनच कळे.

ज्या गावी आम्ही गेलो तिथले सुभेदार आमचे यजमान. फौजेत पूल बांधणाऱ्या पलटणीत त्यांची नोकरी झाली, आता शेती आणि भाऊबंदांत मिळून एक गुऱ्हाळ. घर कोयनेच्या भूकंपानंतर नव्याने बांधलेले, वर पत्रा, पुढे लांबलचक पडवी. त्यांच्या आईवर मिरजेच्या ज्या डॉक्टरांनी उपचार केले होते त्यांनीच आमच्या प्रयोगशाळेला सुभेदारांचे नाव कळवले होते, कारण या घरात मालकांगोणीचे तेल काढतात आणि वेल कुठे आहेत ते घरच्यांना ठाऊक आहे.

या आईला सारे गाव थोरली आई म्हणते. पंचाहत्तरीच्या पुढची, ताठ बसणारी, हिरवे लुगडे नेसलेली बाई. मी पायरी चढलो तशी तिचा चेहरा उजळला.

"कवा आलास रं? रजा किती हाय?"

मी गोंधळून सुभेदारांकडे पाहिले. थोरल्या आईनेही त्यांच्याकडे पाहिले आणि सुनेला म्हणाली, "हौसा, ह्या पाव्हण्यास्नी पानी दिलं का?"

सुभेदार मोठ्याने हसले. "बघा साहेब, माझी रजा तुमाला मिळाली. मी रोजचा पाव्हणा हाय हितं. मान हाय पाव्हण्याला, वाईट काय त्यात?"

हसले खरे, पण पाण्याचा तांब्या त्यांनी हौसाबाईंच्या हातून घेतला आणि पाहुण्यासारखे अदबीने उभे राहून प्यायले. आमच्या पुण्यात कुणी असे विसरू लागले की घरचे लोक दिवसभर त्याला दुरुस्त करत बसतात. 'अहो हा तुमचा मुलगा, आज मंगळवार, तुम्ही आत्ताच जेवलात.' या घरात कुणी तिला दुरुस्त करत नव्हते. तिच्या मनात जो दिवस असेल त्या दिवसात सगळे जाऊन बसत.

हौसाबाई रोज सकाळी बत्ताशावर मालकांगोणीच्या तेलाचा एक थेंब टाकून सासूला देत. मी विचारले, "गुण येतो का?"

"काय जानू," त्या म्हणाल्या. "झोप निवांत लागती. तेवडं तरी हाय."

इतके खरे उत्तर मी औषधाच्या बाबतीत क्वचित ऐकले आहे.

वेल गावापासून दीडेक मैलावर, ऐनाच्या एका जुन्या झाडावर चढला होता. फळे तोडायच्या आदल्या दिवशी ऊन उतरताना हौसाबाई आम्हाला तिथे घेऊन गेल्या, बुंध्याला हळदकुंकू लावले, अक्षता वाहिल्या आणि शेजारणीला सांगावे तशा आवाजात म्हणाल्या, "उद्या सकाळी न्यायला येतो बाई, तयार ऱ्हा." झाडाला आमंत्रण दिल्याशिवाय औषध तोडायचे नाही. आमच्या घरी दिवस मावळल्यावर तुळशीचे पान खुडत नाहीत, तेवढेच मला ठाऊक होते. निदान आदल्या दिवशी झाड नीट पाहून घेतले जाते, ओळख पक्की होते आणि नुसते दिसले म्हणून कुणी ओरबाडत नाही, हा हिशेब मला पटला. दातेबाईंनी तर हात जोडले.

सकाळी वेल पाहिला तो दिवाळीच्या माळेसारखा. पिवळी टरफले तीन पाकळ्यांत उकललेली आणि आत लालभडक गर. एकेका फळात मी तीनपासून सहापर्यंत बिया मोजल्या. बुलबुलांनी वरची फळे आधीच साफ केली होती, म्हणून हाताला येईल तेवढे जवळजवळ सगळे उतरवावे लागले. ओले वजन सहा किलो तीनशे ग्रॅम. ओल्याचे वाळके किती होते ते पुस्तकात सापडले नव्हते, म्हणून मी पुण्याहून निघण्यापूर्वी थोडक्यावर करून पाहिले होते. साधारण तिसरा हिस्सा. म्हणजे दोन किलो बसत होते, पण सांडायला जागा नव्हती.

दातेबाईंनी फांदी कागदात दाबून घेतली, खोडाला खुणेची पत्र्याची चकती बांधली आणि फळे सुभेदारांच्या पडवीत धुतलेल्या धोतरावर पसरली. मी सगळ्यांना बजावून सांगितले, "ऊन नको, ओल नको, आणि यातले एक बीसुद्धा जाता कामा नये." सुभेदारांनी ते हुकूम घ्यावा तसे ऐकले. "एक बी न्हाई जानार. मोजून घ्या."

फळे वाळेपर्यंत आम्ही सांगली जिल्हा उरकून येणार होतो.

मिरज

मिरज स्टेशनाबाहेर टांगेवाला 'दवाखाना का सतार?' असे विचारतो. गावात येणारा तिसऱ्या कामासाठी येतच नाही अशी त्याची खात्री असते. आम्हाला दवाखाना होता, पण डॉक्टर शस्त्रक्रियेत होते म्हणून सतारीच्या गल्लीत वेळ काढला. छताला भोपळे टांगलेले, एकेक धान्याच्या घागरीएवढा. एका कारागिराने सांगितले की हे सगळे सावलीत वाळतात, आणि घाईने वाळवलेला भोपळा तानपुरा झाल्यावर तडकतो. "गिऱ्हाइकाला सांगितलं की पटत न्हाई," तो म्हणाला, "त्याला गाणं उद्या पायजे असतंय." दातेबाई म्हणाल्या, आमच्याही गिऱ्हाइकांचे तसेच आहे.

डॉक्टर भेटले ते हात पुसत. बोलण्यात काटकसरी माणूस. थोरल्या आईबद्दल म्हणाले, "मेंदूचाच रोग आहे, माझी खात्री आहे. मी सुभेदारांना सांगितलं, औषध नाही. त्यांनी ऐकलं ते 'अजून नाही'. आता तुम्ही आलात. त्यांना वाटतंय, ते 'अजून' संपलं."

"आम्ही तसं काही म्हटलेलं नाही," मी म्हणालो.

"नाही म्हटलंत, तेच. परत जाल तेव्हा स्पष्ट सांगा. मी दोनदा सांगून पाहिलं. आशा फार मोठी झाली की तिचाही आजार होतो."

हे वाक्य घेऊन मी सांगलीला आलो. सांगलीत हळद घेतली. कृष्णेकाठी हळद जमिनीतल्या पेवांत साठवतात. तोंड माणूस उतरेल एवढे आणि पोट खोलीएवढे. वर माती सारवली की हळद वर्षानुवर्षे टिकते, कीड नाही की ओल नाही. पेवाच्या तोंडाशी उभे राहिलो तर आतून ऊबदार पिवळा वास वर येतो आणि पुढे दोन दिवस कपड्यांना राहतो. ब्राह्मी नदीच्या ओल्या काठावर मिळाली. भडंग खाल्ले. व्यापाऱ्यांच्या मराठीत मधूनच एखादा कानडी शब्द हळदीच्या गाठीसारखा हाती लागतो. सांगलीचा माणूस तो मराठीच मानतो. एरवी मला सांगली फार आवडली असती, पण मनात सुभेदारांची पडवी होती.

आटपाडी

सांगलीहून पूर्वेला निघाले की ऊस हळूहळू मागे राहतो. आधी द्राक्षे, मग ज्वारी, मग नुसते माळ. शेवटचा रस्ता बहात्तरच्या दुष्काळात लोकांनी स्वतः खडी फोडून केलेला. शेजारी बसलेले एक गृहस्थ दगडाच्या एका ढिगाकडे बोट करून म्हणाले, "ह्यो पट्टा आमच्या घरानं फोडला. आई, मी आन् बायको." हमरस्त्याचा एवढा तुकडा आपला म्हणून दाखवणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला.

ज्या माळावर पाणी नाही तिथे शंखपुष्पी उगवते. जमिनीला चिकटून, तिचे निळे फूल शर्टाच्या बटणापेक्षा लहान, आणि दुपारी मिटते. म्हणून सकाळीच शोधावी लागते. आम्ही गुडघ्यांवर बसून वेचत होतो तेव्हा मेंढरे घेऊन एक धनगर बाई आली. बराच वेळ पाहून म्हणाली, "आवं, काय हरवलंय?"

"काही नाही, औषध वेचतोय."

"मला वाटलं बाईची नथ पडली. एवडं वाकून मानूस सोन्यापायीच वाकतंय."

दुपारी तिनेच झाडाखाली बोलावले. हुलग्याच्या पिठाचे पातळ माडगे, बाजरीची भाकरी, वर लसणीची चटणी. ज्या मुलखात घागरभर पाण्यासाठी मैलभर चालावे लागते तिथे तिने आम्हाला हात धुवायला पाणी ओतले आणि परत ओतले. मी 'पुरे पुरे' म्हणालो, तर म्हणाली, "पाव्हण्याच्या हाताला पानी मोजत न्हाईत." माझ्यासारख्या सगळे मोजणाऱ्या माणसाला हे लागले, आणि आवडलेही.

परतीच्या गाडीत कंडक्टरने आमची पोती पायाने चाचपली.

"काय हाय ह्यात?"

"औषधी झाडपाला."

"कशावर चालतंय?"

"विसरभोळेपणावर. ध्यानात राहावं म्हणून."

"मग नगं बाबा," त्याने टिंग करून घंटी मारली. "माज्या बायकोला लग्नात मानपान काय चुकला ते समदं ध्यानात हाय. उलटं काय मिळालं तर सांगा, उंब्रजच्या फेरीला असतो मी."

सगळी गाडी हसली. दातेबाईंनी तर त्याला नाव विचारून ठेवले.

पुन्हा तारळीकाठी

पडवीत पाय ठेवला आणि माझी नजर आधी धोतरावर गेली. सवयच ती. वाळवण घटत जाते. आमच्या धोतरावरचा ढीग मात्र वाढला होता. नुसता वाढला नव्हता, धोतर पुरले नाही म्हणून खाली पोते जोडले होते. काट्यावर घातले तर दहा किलोच्या वर. पंचवीस वर्षांच्या नोकरीत वाळताना वजन चढलेला माल मी पाहिला नव्हता.

सुभेदार शेजारी उभे राहून मिशीत हसत होते. "दोन किलो व्हतं न्हवं पायजे? घ्या आता पोटभर! एक बी गेलं न्हाई, म्हनलो व्हतो का न्हाई?"

झाले ते असे. या खोऱ्यात कुणाच्या घरी आजारपण आले, लग्न निघाले की प्रत्येक घरातून एकेक पसा धान्य जाते. पसा म्हणजे ओंजळभर. कुणी मागत नाही, कुणी किती दिले ते विचारत नाही. थोरल्या आईसाठी पुण्याची माणसे औषध करणार, त्याला मालकांगोणी लागते आणि ती जेमतेम आहे, एवढे गावाला कळले. मग काय? कुणी गेल्या वर्षीच्या बरणीतली आणली, कुणी पाटणच्या बाजारातून मागवली, एक सासुरवाशीण डोंगरापलीकडच्या माहेराहून पदरात बांधून घेऊन आली. आम्ही 'जाता कामा नये' म्हणून बजावले होते. घालू नका असे या गावाला सांगावे लागेल, हे आमच्या डोक्यातही आले नव्हते.

दातेबाई ढिगाशी उकिडव्या बसल्या. मूठभर बी हातात घेतले. दोनतीन रंगांचे, काही जुने, खवट वासाचे. त्या हळूच म्हणाल्या, "देवकर, हे गेलं."

"काय गेलं?" हौसाबाईंनी विचारले. त्यांच्या मागे तीनचार बायका कौतुक ऐकायला येऊन थांबल्या होत्या.

मी म्हणालो, "हौसाबाई, हे बी दिल्यावर उंदीर समजा शहाणा झाला, तर तो कुठल्या वेलाने झाला ते आम्हाला सांगता येणार नाही."

"समद्यांनी मिळून केला म्हनायचं," हौसाबाई म्हणाल्या.

दातेबाईंच्या डोळ्यांत पाणी आले होते आणि त्यातच त्यांना हसू फुटले. मग त्यांनी बायकांना नीट समजावले. यात कुणाची चूक नाही, हे बी वाया जाणार नाही, याचे घरी तेल काढा. पण आम्हाला एकाच वेलाचे हवे, आणि उंदरांवरच्या चाचणीची पाळी आता लागलेली आहे. या हंगामात बी नाही पोचले तर मालकांगोणी छाननीतून वगळली जाईल आणि पुन्हा तिचा नंबर कधी लागेल सांगता येत नाही.

सुभेदारांनी फौजी पद्धतीने विचार केला. "तो वेल आपन रिकामा केला. दुसरा हाय, कड्याखाली, वरच्या अंगाला. बुलबुल तिकडं कमी जात्यात. पन वाट वंगाळ हाय, मानसं लागतील. गुऱ्हाळ ठेवू उद्या बंद. आईच्या औषदाला कोन न्हाई म्हनतंय बघतोच."

गुऱ्हाळ बंद ठेवणे म्हणजे काय ते मी पहिल्या मुक्कामात पाहिले होते. ऊस पिळणारा चरक एकदा सुरू झाला की रस मोठ्या काहिलीत, काहील चुलवाणाच्या जाळावर, आणि एक काहील उतरते तोवर पुढचा रस तयार. तोडलेला ऊस पडून राहिला की सुकतो, गूळ कमी पडतो. पंधरावीस माणसांचे हात त्या साखळीत असतात. हे सगळे हा माणूस एका समजुतीवर थांबवायला निघाला होता, आणि ती समजूत खरी नव्हती. मी गप्प राहिलो असतो तर बी मिळाले असते.

दातेबाईंनी माझ्याकडे पाहिले. "तुम्ही सांगा. तुम्ही आकडे सांगता, ते लोकांना पटतं."

मी सुभेदारांना पडवीच्या पायरीवर बसवले आणि सांगितले. आधी उंदीर. त्यात तग धरला तर मोठी जनावरे. मग निरोगी माणसे, मग रोगी. एकेका पायरीला वर्षे लागतात, आणि बहुतेक वनस्पती पहिल्याच पायरीवर गळतात. सगळे नीट जुळून आले तरी दहा वर्षांच्या आत औषध नाही, पंधरा लागली तरी मला नवल वाटणार नाही. "सुभेदार, थोरल्या आईला यातलं काही मिळणार नाही. तिच्यासाठी म्हणून गुऱ्हाळ बंद करू नका."

थोरली आई खांबाला टेकून ऊन खात होती. सुभेदारांनी तिच्याकडे पाहिले. मग म्हणाले, "डाक्टरबी असंच म्हनले व्हते. मीच ऐकलं न्हाई."

मी त्यांच्या शेजारी पायरीवर टेकलो.

"सरहद्दीवर आमी एका नाल्यावर पूल टाकला," ते म्हणाले. "थंडीचा. बोटं वळत नव्हती. पूल झाला आन् दुसऱ्याच दिवशी आमाला हलवलं. त्यावरनं आमच्यातला एकबी पलीकडं गेला न्हाई." मग उठले, टोपी सारखी केली. "किती किलो म्हनलासा?"

"ओलं सहा."

ते तसेच गुऱ्हाळाकडे गेले. आम्ही मागोमाग. गुळव्या, म्हणजे गुळाचा पाक पारखणारा मुख्य माणूस, काहिलीत ढवळत होता.

"ही काहील उतरली की बंद करा," सुभेदार म्हणाले. "उद्या सकाळी समद्यांनी डोंगरावर यायचं."

"आवं सुभेदार, तोडलेला ऊस वाळंल की!"

"वाळू दे. सांजच्याला गाळू."

"आन् थोरल्या आईला गुन येतोय का त्यानं?"

"न्हाई येत. इचारलं मी."

गुळव्याचा हात थांबला. "मग कशापायी?"

"तुज्या आईला येईल की गड्या."

"माजी आई लय खमकी हाय. कालच चुलत्याची बारा पिढ्यांची भांडणं तारखेनिशी सांगितली तिनं."

"मग तुला येईल. तुला परवाच्या ढेपा किती ते आज सांगता आलं न्हाई."

चुलवाणावरचा माणूस इतका हसला की जाळात चिपाडे टाकायची राहिली. गुळव्याही हसला. "व्हय, मला मातुर लागंल," म्हणाला आणि पुन्हा ढवळू लागला. मला वाटले होते वाद होईल. झाला तो एवढाच.

हौसाबाई ऊन उतरायच्या आत वर जाऊन आमंत्रण देऊन आल्या.

सकाळी चढताना अर्ध्या वाटेवर माझ्या चपलेचा अंगठा तुटला. गुळव्याने तो रानवेलीच्या सालीने बांधून दिला. पुण्याला पोचेपर्यंत तो टिकला. वेल कड्याखाली होता खरा, आणि फळांनी लगडलेला. दोन माणसे दोर लावून वर गेली, बाकीच्यांनी खाली घोंगड्या धरल्या. दातेबाई घोंगड्यांमागून ओरडत होत्या, "अर्धी ठेवा! पाखरांना ठेवा! पुढच्या वर्षी यायचंय!" आणि वरून उत्तर येत होते, "पाखरांचं वेगळं काडून ठिवलंय, बाई!" झऱ्याशी बसून भाकरी, झुणका आणि हिरव्या मिरचीचा ठेचा खाल्ला. ज्यांचा ऊस खाली वाळत होता ती माणसे एकमेकांच्या फडक्यातली भाकरी अदलाबदल करून खात होती आणि कुणाच्या घरचा ठेचा जास्त तिखट यावर पैज लावत होती. इतक्या मोकळेपणाने दिलेला दिवस मी पुण्यात पाहिलेला नाही. ओले वजन सहा किलो शंभर. मी दोनदा केले.

पडवीत ते पसरले तेव्हा सुभेदारांनी स्वतः खुर्ची टाकली. फौजेतली जुनी टोपी घातली, काठी आडवी धरली आणि जाहीर केले, "काडायचं न्हाई, घालायचं बी न्हाई." शेजारणी दुरून बघून जात. आम्ही ते वाळेपर्यंत राहिलो.

निघायच्या दिवशी हौसाबाई अंगणात बसून गावाच्या पशांचे बी तेलासाठी पाखडत होत्या. थोरली आई त्यांच्याजवळ बसली होती. बसल्या बसल्या तिने सुपातली ओंजळ भरली, उठली आणि सावकाश पडवी चढून वाळवणापाशी आली. सुभेदारांनी काठी बाजूला ठेवली आणि तिच्या हाताखाली आपला हात धरला.

"त्यात नगं टाकू, आये."

"का रं? कुनाचं हाय?"

"दुसऱ्या कुनाच्या आईचं हाय."

थोरली आई ओंजळ तशीच धरून उभी राहिली. "आजारी हाय व्हय ती?"

"व्हय."

तिने त्यांच्या डोक्यावरची टोपी काढायला लावली आणि ओंजळ तीत रिकामी केली.

"मग हे येगळं दे तिला," ती म्हणाली. "माज्याकडनं."